अभियांत्रिकीचा अभ्यास : पहिल्या सत्रापासूनचे नियोजन

शिंद्यांची राजधानी म्हणून वाढलेल्या ग्वाल्हेरमध्ये लष्कर भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तंत्रशिक्षणाची परंपराही या शहरात जुनी आहे. जिवाजीराव शिंदे यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेली माधव तंत्रज्ञान व विज्ञान संस्था आणि १९९७ मध्ये सुरू झालेली, अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव धारण करणारी भारतीय माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था या तेथील दोन प्रमुख संस्था होत. त्यांपैकी दुसरीला २०१४ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. प्रवेश परीक्षेचा डोंगर ओलांडून अशा संस्थांत पोहोचलेल्या विद्यार्थ्याची खरी कसोटी पहिल्या सत्रात लागते. फर्मागुढी, वेर्णा वा फातोर्डा येथील महाविद्यालयांत जाणाऱ्या गोमंतकीय विद्यार्थ्यांनाही हेच लागू पडते.

बदललेली शिस्त

बारावीपर्यंत अभ्यासाचे वेळापत्रक शाळा आणि शिकवणी ठरवून देतात. अभियांत्रिकीत ते विद्यार्थ्याने स्वतः आखायचे असते. सत्र अवघ्या काही महिन्यांचे असते आणि त्यातच अंतर्गत चाचण्या, प्रात्यक्षिके व अंतिम परीक्षा येतात. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासाला बसण्याची सवय येथे महागात पडते. ग्वाल्हेर घराण्याची गायकी मैफलीच्या आदल्या रात्रीच्या तयारीने साधत नाही, तिला नित्याचा रियाज लागतो. अभियांत्रिकीच्या विषयांचेही तसेच आहे.

श्रेयांकांचे गणित

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या पदवीसाठी १६० श्रेयांक, म्हणजे प्रत्येक सत्राला सरासरी २० श्रेयांक धरलेले आहेत. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, तर प्रात्यक्षिकाचे दोन तास मिळून एक श्रेयांक होतो. गुणांची सरासरी काढताना प्रत्येक विषयाला त्याच्या श्रेयांकांचे वजन मिळते. समजा, चार श्रेयांकांच्या गणितात ६ आणि एका श्रेयांकाच्या प्रात्यक्षिकात १० गुणांक मिळाले. साधी सरासरी ८ दिसली, तरी प्रत्यक्ष सरासरी ६.८ भरते. म्हणून सत्राच्या आरंभीच विषयांची यादी करून श्रेयांकांच्या प्रमाणात वेळ वाटून घ्यावा. व्याख्यानाच्या प्रत्येक तासामागे स्वाध्यायाचा किमान एक तास धरणे हिताचे.

वाचण्यापेक्षा आठवणे

शिकलेले किती लवकर विसरले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून मांडले. पुढे २००६ मध्ये अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर स्मरला, तर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

याचा उपयोग सरळ आहे. सोडवलेले उदाहरण वाचून ‘समजले’ असे मानू नये. वही मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडवावे. जेथे हात थांबतो, तेथेच आकलनात उणीव असते. व्याख्यान झाल्याच्या दिवशी, दोन दिवसांनी आणि आठवड्याने अशी उजळणी करावी. यंत्रशास्त्रात आधी आकृती व बले, मग समीकरण आणि शेवटी एककांची पडताळणी हा क्रम हाताच्या अंगवळणी पडावा.

विषयांची साखळी

अभियांत्रिकीत एक विषय दुसऱ्याचा पाया असतो. पहिल्या वर्षीचे कलनशास्त्र कच्चे राहिले, तर पुढे नियंत्रण प्रणाली व संकेत प्रक्रिया जड जातात. यंत्रशास्त्र कच्चे राहिले, तर पदार्थबलशास्त्र अडते. एखादा विषय राहिलाच, तर पुढच्या सत्राच्या भारात तो मागे ढकलू नये. मिळालेल्या पहिल्या संधीत तो सोडवावा. मागील प्रश्नपत्रिका पाहून नेमके कोणते प्रकरण अडले ते ठरवावे आणि प्राध्यापकांकडे ‘मला काहीच कळत नाही’ असे सांगण्याऐवजी अडलेली पायरी घेऊन जावे.

भाषेची अडचण

ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील अनेक मुले घरी मराठी, शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी असा प्रवास करतात. गोव्यात मराठी वा कोकणी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेल्यांनाही हा बदल परिचित आहे. विषय कळत असूनही तोंडी परीक्षेत शब्द सुचत नाहीत आणि हुशार विद्यार्थी स्वतःला कमी लेखू लागतो. वहीत पारिभाषिक शब्द इंग्रजीत लिहून त्याचा अर्थ आपल्या भाषेत मांडावा, मग तोच अर्थ दोन सोप्या इंग्रजी वाक्यांत मोठ्याने म्हणून पाहावा. तीन-चार मित्रांच्या गटात एकाने दुसऱ्याला विषय समजावून सांगितल्यास आकलन आणि भाषा दोन्ही सुधारतात.

उपलब्ध साधने

आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर, तर विविध विद्यापीठांचे अभ्यासक्रम २०१७ पासून ‘स्वयम्’ मंचावर विनामूल्य पाहता येतात. मात्र एका विषयासाठी एकच पाठ्यपुस्तक व एकच व्याख्यानमाला निवडावी, कारण साधने गोळा करणे म्हणजे अभ्यास नव्हे. प्रयोगवही त्याच आठवड्यात पूर्ण करावी आणि जागरणे टाळावीत.

पहिल्या सत्राचा निकाल अपेक्षेपेक्षा खाली येणे ही सर्वसामान्य घटना आहे. त्याचा अर्थ शाखा चुकली वा कुवत नाही, असा लगेच काढू नये. अशा वेळी पालकांनी तुलना न करता कोणत्या विषयात, कोणत्या टप्प्यावर अडले एवढेच विचारावे आणि मन खचल्यास महाविद्यालयातील समुपदेशकाची मदत घ्यावी. उरलेली सात सत्रे हातात असतात, आणि अभ्यासाची रीत पहिल्या निकालानंतर लगेच बदलली, तर त्यांचा पुरेपूर लाभ घेता येतो.