कंबरेखाली सरकवलेला हात

नीरेच्या कालव्यावर पोसलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत उसाच्या फडात, गुऱ्हाळावर आणि कारखान्याच्या आवारात राबणाऱ्या माणसांना जी दुखणी गाठतात, त्यांत खुब्याचे दुखणे मोठे कावेबाज. कारण ते आपल्या मूळ ठिकाणी क्वचितच सापडते. जांघेत धरते, मांडीतून उतरते आणि पुष्कळदा गुडघ्यात जाऊन ठाण मांडते. मग रोगी बिचारा गुडघ्यालाच तेल चोळीत महिने काढतो. दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामाईक असल्यामुळे ही दिशाभूल होते. याहून गहन फसवणूक पुढेच आहे. खुबा आखडून वाकलेला राहिला, तरी माणूस खाटेवर पाय सपाट पसरून निजू शकतो. खुब्यात पडलेली तूट त्याची कंबर कमान करून गुपचूप भरून काढते, आणि पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटते.

ही लबाडी उघडी पाडणारी युक्ती अगदी साधी आहे. रोग्याला कठीण फळीवर उताणे निजवावे आणि कंबरेखाली हात सरकवावा. कमान असेल तर तो सहज आत जातो. मग चांगल्या बाजूचा गुडघा पोटाशी आणीत जावे, कंबर हातावर टेकेपर्यंत. कमान मोडताच दुखरी मांडी फळीवरून आपोआप वर उठते, आणि फळीशी तिचा जो कोन होतो तोच आखडीचा खरा हिशेब. बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थीही हिला थॉमसची परीक्षा या नावानेच ओळखणार. पण हा थॉमस हाडवैद्यांच्या घराण्यातला होता, हा दाखला पाठ्यपुस्तकात सहसा मिळत नाही.

वेल्सच्या किनाऱ्यालगत अँगलसी नावाचे बेट आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तेथे एक जहाज फुटले, त्यातून वाचलेल्या परभाषी मुलाला गावकऱ्यांनी वाढवले, त्याचे नाव इव्हान थॉमस ठेवले, आणि हा मुलगा आधी जनावरांची व मग माणसांची मोडलेली हाडे बसवू लागला, अशी आख्यायिका त्या कुळात सांगत असत. त्याच्या वंशातला त्याच नावाचा एक हाडवैद्य लिव्हरपूल बंदरात येऊन राहिला. गोदीतले मजूर त्याच्याकडे रीघ लावीत, आणि पदवीधर डॉक्टर त्याच्यावर वारंवार दावे गुदरीत. या कोर्टकचेऱ्यांना विटून म्हणा वा दूरदृष्टीने म्हणा, त्याने आपल्या पाचही मुलांना रीतसर वैद्यकी शिकवली. १८३४ साली जन्मलेला ह्यू ओवेन थॉमस हा त्यांतला एक: ठेंगणा, किरकोळ अंगाचा, गळ्यापर्यंत बटणे लावलेल्या कोटातला, अधू डोळ्यावर टोपीची झापड ओढून तोंडात सिगारेट धरणारा. नेल्सन स्ट्रीटवरील दवाखान्यात त्याने लोहार आणि चामडे शिवणारा कारागीर पदरी ठेवले होते, आणि लोखंडी आधार तेथेच घडत.

त्या काळी खुब्याच्या क्षयाने मुले पंगू होत. सांधा कापून काढण्याकडे अनेक शल्यविशारदांचा ओढा होता. थॉमस मात्र दीर्घ आणि अखंड विश्रांतीचा पुरस्कर्ता होता. १८७५ साली त्याने खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या रोगांवरील ग्रंथात आपली रीत मांडली. लोखंडी आधारात बांधलेला पाय खरोखर सरळ होतो आहे की कंबर पुन्हा फसवते आहे, हे कळायला असे माप हवेच होते. आपल्याकडच्या हाडवैद्यांच्या बोटांतही हे ज्ञान असणार, असे मला वाटते. परंतु ते घराण्याबाहेर गेले नाही आणि कागदावर उतरले नाही. क्षयाच्या किंवा मोडलेल्या खुब्याला जोराने चोळून अपाय करणारेही त्यांच्यात आहेत, हे मात्र मुरवतीपोटी झाकून ठेवू नये.

या परीक्षेची धाकटी बहीण १८९५ सालची. त्या वर्षअखेर राँटगेनला क्ष-किरण गवसले; त्याआधीच फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग याने केवळ डोळ्यांनी पाहून दाखवून दिले की, जन्मतः निखळलेल्या खुब्याचे रोगी डुलत चालतात ते कुल्ल्याचे स्नायू कटी तोलून धरू शकत नाहीत म्हणून. रोग्याने दुखऱ्या पायावर उभे राहावे. उचललेल्या बाजूची कंबर खाली ढळली की निदान झाले. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापूरला निघते, तेव्हा रस्त्याकडेला बसलेल्या जाणत्या डॉक्टराला अशी चाल दुरूनही ओळखू यावी.

इलाजाची कथा अलीकडची. क्षयावर औषधे आली, मांडीच्या हाडाच्या मोडलेल्या मानेत खिळा बसू लागला, आणि कृत्रिम खुब्याची टेफ्लॉनची वाटी झिजून हात पोळल्यावर जॉन चार्नली याने १९६२ साली रायटिंग्टनच्या रुग्णालयात पॉलिथिनच्या वाटीत धातूचा गोळा फिरवून दाखवला. या नव्या सांध्यांच्या रोग्याला मात्र पुष्कळदा उकिडवे बसणे वर्ज्य असते. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या घरात तो अचानक खुर्चीवरचा पाहुणा होतो.

थॉमसच्या परीक्षेलाही मर्यादा आहेत. कणा ताठरला असेल तर कमान मोडतच नाही. त्याच बाजूचा गुडघा आखडला असेल तर मांडी गुडघ्यामुळे उचललेली की खुब्यामुळे, ते ठरत नाही. अशा वेळी रोग्याला फळीच्या टोकाशी ओढून घ्यावे, गुडघ्याखालचा पाय हवेत सोडावा, आणि मगच कंबरेखाली हात घालावा.