बंद घराचा श्वास

भगिनींनो, घरातील हवेचा इतिहास हा इंजिनियरांचा विषय, आपला नव्हे, असे कुणी म्हणेल. पण फोडणीचा खकाणा रोज कुणाच्या नाकातोंडात जातो, हे लक्षात घेतले म्हणजे हा विषय आपलाच ठरतो असे मला वाटते.

कोंदट हवा ओळखावी कशी? १८५८ साली म्यूनिच येथील माक्स फॉन पेटेनकोफर यांनी त्यास माप दिले. माणसांच्या श्वासाने खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो हजारात एक भागाहून अधिक झाला की हवा बिघडली समजावे. तेवढा वायू स्वतः विषारी नव्हे, इतर घाण साचल्याची ती खूण.

पुढे कितीतरी वर्षे थंड देशांतील घरे फटींतूनच श्वास घेत होती, आपल्या जुन्या कौलारू घरांसारखी! १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि ऊब वाचविण्यासाठी फटी बुजविण्याची धडपड सुरू झाली. कॅनडातील रेजायना शहरी १९७७ साली एक प्रायोगिक घर बांधले गेले. जाड भिंती, फटी जवळजवळ नाहीत, आणि एवढ्या हिमात भट्टीही नाही! मग ताजी हवा? त्यासाठी एक यंत्र बसविले. बाहेर जाणारी उबदार हवा आणि आत येणारी गार हवा पातळ पडद्याच्या दोन अंगांनी जातात. तापल्या दुधाचे पातेले गार पाण्यात ठेवावे, तसेच हे. दूध निवते, पाणी कोमट होते, पण एकमेकांत मिसळत नाही. ज्यांना हे सुचले त्यांचे मला फार कौतुक वाटते.

इतरांनी मात्र अनेकदा फटी तेवढ्या बुजविल्या. मग ओल, बुरशी आणि प्लायवुडच्या गोंदातील फॉर्माल्डिहाइड घरातच कोंडू लागले. अमेरिकेच्या २०१२ च्या नमुना ऊर्जासंहितेने घर हवाबंद करण्याची सक्ती केली, तेव्हा पंख्याने हवा खेळविण्याची अटही तिच्यातच घालावी लागली. २०१३ च्या तेथील मानकाचा हिशेब असा : दर १०० चौरस फुटांस ३ आणि दर माणशी साडेसात घनफूट हवा, दर मिनिटाला. हजार चौरस फुटांत तिघे राहिले, तर साडेबावन्न घनफूट. शिवाय चुलीवरच्या पंख्यास १०० घनफूट वेगळे, आणि तेही घराबाहेर. गाळून तीच हवा परत खोलीत सोडणाऱ्या चिमणीवर ही अट भागत नाही. चिमणी घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे २०१८ साली घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ आली. तिने भर दिला तो पंख्यापेक्षा उघडणाऱ्या खिडक्यांवर. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के मोकळी जागा हवी. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घरास सुमारे १००. बाहेर उघडणारी दारे आणि झरोकेही त्यात धरतात. मात्र दोन सरकत्या तावदानांची खिडकी असेल, तर तिची निम्मीच जागा मोजावयाची, कारण एक तावदान नेहमी दुसऱ्याच्या आड राहते.