डायव्हर्जन्स : भाव चढतो, जोर ओसरतो

मुंबई शेअर बाजाराच्या सेन्सेक्सने २००७ साली १९ सप्टेंबरला १६ हजारांची पातळी ओलांडली आणि १५ ऑक्टोबरला १९ हजारांची. तीन हजार अंशांचा हा पल्ला महिन्याच्या आत पार झाला. २९ ऑक्टोबरला २० हजारांचा टप्पा आला. त्यापुढच्या हजार अंशांसाठी मात्र ८ जानेवारी २००८ उजाडावा लागला. निर्देशांक नवे विक्रम करीत होता, पण चढाईचा वेग मंदावला होता. २१ जानेवारीला सेन्सेक्स एकाच दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला.

भाव आणि त्यामागचा जोर यांच्यातील अशा फारकतीला तांत्रिक विश्लेषणात ‘डायव्हर्जन्स’ म्हणतात. ती टिपण्यासाठी गतिदर्शकांचा उपयोग होतो. त्यांतील सर्वांत प्रचलित म्हणजे ‘रिलेटिव्ह स्ट्रेंथ इंडेक्स’ किंवा आरएसआय. अमेरिकेतील जे. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ मध्ये मांडला. साधारणपणे मागील १४ सत्रांतील सरासरी वाढ आणि सरासरी घसरण यांच्या गुणोत्तरावरून शून्य ते १०० मधील एक आकडा काढला जातो. तो ७० च्या वर गेल्यास अतिखरेदी, ३० च्या खाली आल्यास अतिविक्री मानतात. जेराल्ड अपेल यांचा एमएसीडी हा १२ आणि २६ सत्रांच्या चल सरासरींमधील अंतर दाखवतो.

समजा, एखाद्या शेअरने ५०० रुपयांचे शिखर गाठले तेव्हा आरएसआय ७८ होता. थोड्या घसरणीनंतर भाव ५२० रुपयांवर गेला, पण आरएसआय ६६ वरच अडखळला. ही मंदीसूचक विसंगती होय. याउलट भावाने नवा नीचांक केला, पण आरएसआयने आधीचा तळ मोडला नाही, तर ती तेजीसूचक ठरते.

येथेच बहुतेकांची फसगत होते. वेग कमी होणे म्हणजे दिशा बदलणे नव्हे. घाट चढणारी गाडी हळू चालते, म्हणून ती मागे घसरतेच असे नाही. जोमदार तेजीत आरएसआयची शिखरे लागोपाठ उतरत असताना भाव महिनोन्‌महिने चढत राहू शकतो. शिवाय दुसरे शिखर हे शिखर होते, हे भाव खाली वळल्यावरच कळते. पुस्तकातील आलेख निर्विवाद दिसतात, कारण त्यांत पुढचे सारे आधीच घडून गेलेले असते.

केवळ विसंगती दिसताच उसन्या बळावर वायद्यात विक्री करणाऱ्याला ही चूक महागात पडते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर वायदे व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले.

म्हणून जाणकार दोन शिखरांमधील तळ तुटेपर्यंत थांबतात. वरील उदाहरणात तो तळ ४८० रुपये असेल, तर बंद भाव त्याखाली आल्यावरच मंदीचा निष्कर्ष काढतात आणि ‘स्टॉप लॉस’ ५२० च्या वर ठेवतात. त्यात चाळीसेक रुपयांची संधी हुकते खरी. पाच मिनिटांच्या आलेखावर अशा विसंगती दिवसातून अनेकदा दिसतात. साप्ताहिक आलेखावर त्या क्वचित आढळतात आणि अधिक गांभीर्याने घेतल्या जातात.