ऊतिसंवर्धित केळी : अडचणी आणि उपाय

खाण्याच्या केळ्यात रुजणारे बी नसते. त्यामुळे केळीची लागवड पूर्वापार कंद व मुनव्यांपासून होत आली. मात्र त्यांच्यासोबत सूत्रकृमी, सोंड्या भुंगा आणि मर रोगही नव्या शेतात पोहोचतात. यावर उपाय म्हणून ऊतिसंवर्धनाने, म्हणजेच टिश्यू कल्चरने, तयार केलेली रोपे पुढे आली. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल परिसरात ‘ग्रँड नैन’ जातीची अशी रोपे मोठ्या प्रमाणावर लावली जातात. बाग एकसारखी वाढते आणि जवळपास एकाच वेळी कापणीस येते. तथापि प्रयोगशाळेतून आलेले रोप निर्दोषच असते, हा समज चुकीचा आहे.

प्रयोगशाळेत : मुनव्याचा वाढबिंदू निर्जंतुक पोषक माध्यमावर ठेवला जातो. कापलेल्या भागातून फेनॉल द्रव्ये स्रवल्याने तो काळा पडतो व वाढ खुंटते. त्यासाठी ॲस्कॉर्बिक आम्ल वापरतात आणि माध्यम वेळोवेळी बदलतात. पृष्ठभागावरील जंतू निर्जंतुकीकरणाने नष्ट होतात; ऊतींच्या आत दडलेले जिवाणू मात्र काही आठवड्यांनीही प्रकट होतात.

गुणधर्मांतील बदल : एकाच वाढबिंदूपासून अधिकाधिक फुटवे घेण्याचा मोह घातक ठरतो. पुनर्विभागणी वाढत गेली, की ठेंगणी किंवा विकृत पानांची रोपे वाढतात. म्हणून ती साधारण 8 फेऱ्यांपर्यंत मर्यादित ठेवावी, असे मानले जाते. काही दोष तर घड बाहेर पडल्यावरच दिसतात.

विषाणू : सर्वांत मोठा धोका हाच. पर्णगुच्छ किंवा कुकुंबर मोझॅक विषाणू नेहमीच्या ऊतिसंवर्धनाने हमखास नाहीसे होत नाहीत. मातृवृक्ष रोगट असेल, तर त्याच्या हजारो रोपांतून रोग गावोगावी पोहोचू शकतो. म्हणून मातृवृक्षांची विषाणू चाचणी अत्यावश्यक असते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2006 मध्ये ऊतिसंवर्धित रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली.

कणखरीकरण : बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या रोपांच्या पानांवरील मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. त्यांना आधी दमट हरितगृहात, नंतर शेडनेटखाली टप्प्याटप्प्याने बाहेरच्या हवेची सवय लावावी लागते. ही घाई केल्यास रोपे कोमेजून मरतात.

शेतात : रोगमुक्त रोप म्हणजे रोगप्रतिकारक रोप नव्हे. जमिनीत मर रोगाची बुरशी असल्यास निरोगी रोपही बळी पडते. कोवळ्या रोपांवर मावा विषाणू पसरवतो; म्हणून काकडीवर्गीय भाज्या, टोमॅटो व मिरची ही आंतरपिके टाळावीत आणि रोगट झाडे उपटून नष्ट करावीत.

ग्रँड नैनचे पीक हाती येण्यास सुमारे वर्ष लागते. रोपात दोष निघाल्यास पैशांबरोबर हे वर्षही वाया जाते. त्यामुळे खरेदीच्या वेळी प्रमाणपत्र पाहणे, 5 ते 6 पाने असलेली कणखर रोपे निवडणे आणि पावती जपून ठेवणे हिताचे ठरते.