गोखल्यांची माफी : यश कुठपर्यंत मोजायचं?

संशोधनाचा आराखडा लिहायला बसलं की एक मोह हमखास होतो, मोठा नैतिक प्रश्न घ्यायचा. "राजकारणात प्रामाणिकपणा उपयोगी पडतो की नडतो?" मीही हाच घेतला होता. गाईडनी समासात एवढंच लिहिलं : "कोणाचा, कधी आणि कोणासमोर?" तेव्हा रागच आला. तुम्हालाही असा शेरा मिळाला असेल तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १८९७ साल एकदा बघाच.

त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. रँडच्या कमिटीखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून तपासणी करत होते आणि लोक संतापले होते. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेत गेले होते. पुण्याच्या मित्रांची पत्रं त्यांना तिथे मिळत होती. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, त्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला सांगितलं की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. साहजिकच तिकडे गदारोळ झाला. पुरावा मागितला गेला. जुलैअखेर गोखले परतले, तर आरोप सिद्ध करता येईल असं हाती काहीच लागेना. ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

इथे जरा थांबा. बहुतेक जण फक्त माफीच बघतात. पण गोखल्यांनी आणखी एक गोष्ट केली, पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत. ती सांगितली असती तर दोष वाटला गेला असता. त्यांनी तो सगळा एकट्याच्या अंगावर घेतला. ही माफी भीतीपोटी होती असं तेव्हाही म्हटलं गेलं. मला ते पटत नाही, कारण घाबरलेला माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो. अर्थात हा माझा तर्क आहे, आणि प्रबंधात तो तर्क म्हणूनच यायला हवा, पुरावा म्हणून नाही.

परिणाम काय झाला? नाचक्की. त्याच सुमारास टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे दीड वर्षाची शिक्षाही. एक तुरुंगात गेला, दुसऱ्याने माफी मागितली. लोक कोणाच्या बाजूने असणार, ते सांगायला नको.

आता गंमत बघा. प्रबंध १८९७ मध्येच संपवला तर उत्तर सरळ आहे : प्रामाणिकपणा नडला. तोच १९०५ पर्यंत नेला तर? १८९९ मध्ये मुंबईचं कायदे कौन्सिल, मग फिरोजशहा मेहतांच्या जागी थेट व्हाइसरॉयचं कौन्सिल, १९०२ चं गाजलेलं बजेटवरचं भाषण, १९०५ मध्ये भारत सेवक समाज आणि बनारस काँग्रेसचं अध्यक्षपद. म्हणजे प्रामाणिकपणा फळला! माझा पहिला खर्डा इथेच खूश होऊन थांबला होता.

पण व्हाइसरॉयच्या कौन्सिलवर त्यांना निवडलं कोणी? मुंबई कौन्सिलच्या मूठभर बिनसरकारी सभासदांनी. त्यांच्या लेखी चूक कबूल करणं हे पत असल्याचं लक्षण ठरू शकत होतं. पुण्यातल्या ज्या लोकांना माफी झोंबली होती, त्यांना मतच नव्हतं. शिवाय सगळं श्रेय माफीला देणंही चुकीचं. मधल्या काळात गोखले प्लेगच्या कामात स्वतः राबले होते, आणि १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या बिलावरून मेहतांबरोबर सभात्यागही करून आले होते. 'सरकारचा माणूस' हा शिक्का त्या दिवशी तरी चिकटला नसणार.

आणि १९११? सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल त्यांनी त्याच वरच्या कौन्सिलात मांडलं. एव्हाना त्यांच्या सचोटीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. तरी १९१२ मध्ये सरकारी बहुमतापुढे ते बिल पडलं. हा प्रसंग माझ्या माफीच्या प्रकरणात बसत नाही म्हणून मी तो गाळणार होते. आता प्रकरण तिथूनच सुरू होतं.