तळटीप : बेडमध्ये क्लिंकर धरणे

१२. ‘बेडात क्लिंकर धरला’ : फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरच्या भट्टीत तळाच्या नॉझलमधून जोराने हवा सोडतात. त्या झोताने वाळूचा व राखेचा थर (बेड) उकळत्या पाण्यासारखा खदखदतो आणि त्यातच कोळसा किंवा भुसा जळतो. थराचे तापमान साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअस राखतात. हवा कमी पडली किंवा इंधन जास्त झाले, की एखादा भाग फाजील तापतो, राख मऊ होऊन कण चिकटतात आणि त्यांची ढेकळे बनतात; हाच क्लिंकर. शेतातील काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅश असल्याने तिथे हे कमी तापमानालाही घडते. थर्मोकपलांच्या आकड्यांत तफावत पडू लागणे, ही पहिली खूण. तेव्हा इंधन घटवून हवा वाढवतात आणि खालून जाड राख काढून ताजी वाळू घालतात. तेवढ्याने भागले नाही, तर बॉयलर बंद करून ढेकळे फोडावी लागतात. मात्र थर वरून काळा दिसला तरी आत बराच काळ धगधगत असतो. तो पुरता निवल्याखेरीज आणि पंख्यांचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावल्याखेरीज कोणालाही आत उतरवू नये. मूळ मजकुरातील या प्रसंगात कामगाराला घाईने आत पाठवले आहे. उत्पादनाच्या निकडीने त्याचे समर्थन होऊ शकत नाही. – संपादक