नानांची ‘दमिश्की’ दुनळी

आमच्या नानांच्या परवान्याच्या दुनळीवर तपकिरी नागमोडी नक्षी होती. “ही दमिश्कची,” ते सांगत. मुसलमान घरात या नावाची ऐट वेगळीच! खरे तर दमिश्कच्या नावाने गाजलेल्या तलवारींचे पोलादही पुष्कळदा दक्षिण हिंदुस्थानातूनच गेलेले. बंदुकीत तर दमिश्क नावापुरतेच. लोखंड-पोलादाच्या कांबी पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकत अशा नळ्या घडवत. हे काम बर्मिंगहॅमला आणि बेल्जियममधल्या लिएजला चाले.

एकदा नाना मला मिस्त्रींकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, टांगल्या आणि लाकडाने हलकेच ठोकल्या. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट. आमच्या नळ्यांचा आवाज बद्द आला. डाख सुटला होता. मग त्यांनी भिंग लावून नळ्यांखालचे शिक्के पाहिले. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस 1813 च्या कायद्याने उभे राहिले. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून पाहत, टिकली तरच शिक्का. आमच्या नळ्यांवर शिक्का होता तो काळ्या दारूचा. बिनधुराच्या दारूचा नव्हता.

आत गंजाचे खड्डे होते. घासले तर चकाकी येईल, पण नळी आणखी पातळ होईल.

“नवं काडतूस बसतं की!” नाना म्हणाले.

“बसणं वेगळं, सोसणं वेगळं, चाचा.”

मिस्त्रींनी डाख दिला, एका घोड्याची कमान बदलली. खड्ड्यांना हात लावला नाही. नानांनी काडतुसे मुकाट्याने खिशात टाकली.